गुळगुळीत जॉबला पकड मिळते कशी

मामांच्या कॅन्सरच्या जनुक-तपासणीचा रिपोर्ट सहा पानांचा होता. पानंच्या पानं ‘आढळले नाही’, ‘आढळले नाही’ अशी रांग आणि मधेच एका ओळीला जाड ठसा: केआरएएस, जी१२सी, आढळले. मामा निपाणीहून पहिल्या बसनं आले होते. समोरचा चहा गार होऊन साय धरली तरी कपाला हात लावला नव्हता.

“ह्ये काय म्हणायचं रं? डॉक्टर म्हणालं, ह्याच्यावर आदी काय बी नव्हतं, आता गोळी आलीया. मग आदी का नव्हती? येवढी शिकल्याली माणसं काय करत हुती?”

मी बारा वर्षं औषधांच्या कारखान्यात काढली आणि आता बेळगावात पोरांना केमिस्ट्री शिकवतो. त्यामुळं घराण्यात असला कागद आला की तो फिरत फिरत माझ्यापुढं येतो. मी डॉक्टर नाही, हे दर वेळी सांगावं लागतं. पण मामांचा प्रश्न रसायनाचाच होता आणि तो भल्याभल्यांना ३० वर्षं छळलेला प्रश्न आहे. उत्तर देताना मला राहून राहून आमच्या आप्पांचं लेथ शॉप आठवत होतं.

बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत आप्पांच्या तीन लेथ होत्या. दहावीच्या सुट्टीत मी तिथं हाताखाली असायचो. एकदा एक शाफ्ट बसलेल्या जागेत अडकला. ग्राइंडिंग झालेला, आरशासारखा, वरून तेलकट. मी पाइप पाना लावला, पान्याच्या दांड्याला आणखी पाइप घातला आणि लोंबकळलो. पाना सटासट घसरत होता आणि शाफ्टवर ओरखडे उठत होते. आप्पा आले, माझा हात बाजूला केला आणि म्हणाले, “ताकद काय चाटायची आहे? आधी पकड कुठं आहे ते बघ.” मग त्यांनी चिंधीनं खालच्या अंगाचं ग्रीस पुसलं. तिथं कीवे होता, चावी बसवायचा गाळा. ग्रीसनं भरून गेल्यामुळं वरून नुसतं सपाट दिसत होतं. त्यात चावी ठोकली आणि शाफ्ट फिरला.

रिपोर्टातल्या केआरएएसची, म्हणजे बोलण्यातल्या केरासची, गोष्ट जवळजवळ अशीच आहे. फक्त ते ग्रीस पुसायला बरीच वर्षं लागली.

आपल्या पेशीत निरोप पोचतात ते स्पर्शानं. एक प्रथिन दुसऱ्याला जाऊन चिकटतं, दुसऱ्याचा आकार किंचित बदलतो, ते तिसऱ्याला चिकटतं. ‘वाढ’, ‘थांब’, ‘दुरुस्ती कर’, ‘आता मर’ असे सगळे हुकूम या शिवाशिवीतून जातात. केरास हे या साखळीतलं एक लहानसं प्रथिन. सुमारे १९० अमिनो आम्लांची माळ गुंडाळून झालेला गोळा, रुंदी साधारण ४ नॅनोमीटर. आप्पांच्या मायक्रोमीटरवर सगळ्यात बारीक रेघ ०.०१ मिलिमीटरची होती. त्या एका रेघेच्या मापात अडीच हजार केरास रांगेनं बसतील.

पेशीच्या पडद्याला आतल्या बाजूनं चिकटून हा गोळा बसलेला असतो आणि बटणासारखं काम करतो. त्याच्या पोटात जीटीपी नावाचा रेणू असला की बटण चालू. त्या जीटीपीचा एक फॉस्फेट तुटून जीडीपी झाला की बंद. चालू असताना त्याच्या अंगावरच्या दोन लवचीक पट्ट्या ताठ होतात आणि तिथं राफ नावाचं पुढचं प्रथिन येऊन चिकटतं. राफ मेकला जागं करतं, मेक एर्कला, आणि निरोप जातो: पेशी वाढव, दोनाच्या चार कर. जखम भरायची तर हे हवंच. बटण वेळेवर बंद झालं पाहिजे, एवढंच.

बंद करायला गॅप नावाचं वेगळं प्रथिन येतं. ते केरासला बिलगतं आणि आपलं एक बोट आत घालून फॉस्फेट तोडायला मदत करतं. बोट हा शब्द माझा नाही, जगभरचे शास्त्रज्ञ त्याला आर्जिनिनचं बोटच म्हणतात. ते बोट जिथून आत शिरतं तिथं माळेतला बारावा मणी आहे, ग्लायसीन. २० अमिनो आम्लांत ग्लायसीन सगळ्यात बारकं. त्याच्या बाजूला लटकतो तो नुसता एक हायड्रोजन. त्यामुळं बोट जेमतेम जाईल एवढाच क्लिअरन्स राहतो. त्या जागी दुसरा जवळजवळ कुठलाही मणी आला, अगदी दोन-चार अणूंनी मोठा, तरी बोट अडतं. गॅप येतं, बिलगतं, पण काम होत नाही. बटण बहुतेक वेळ चालूच राहतं.

आता तो कागदावरचा नंबर वाचता येतो. केए २३ दिसलं की गाडी चिकोडी-निपाणीकडची हे जसं कळतं, तसंच हे. जी म्हणजे ग्लायसीन, १२ म्हणजे बारावी जागा, सी म्हणजे सिस्टीन. बाराव्या जागेवर ग्लायसीन हवं होतं, सिस्टीन आलं. जी१२डी असतं तर ॲस्पार्टिक आम्ल, जी१२व्ही असतं तर व्हॅलीन. एवढ्याशा प्रथिनात एवढीशी चूक, पण स्वादुपिंडाच्या दहातल्या नऊ कॅन्सरमध्ये केरास बिघडलेलं सापडतं, मोठ्या आतड्याच्या दहातल्या चारांत. पाश्चात्त्य देशांत फुप्फुसाच्या एका मुख्य प्रकारात साधारण चौथ्या हिश्श्यात ते असतं.

मामांनी मधेच विचारलं, “आणि ह्यो मणी बदलला कशानं?”

निपाणीच्या माणसाला याचं उत्तर सांगणं सोपं नाही. मामांचं सगळं आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलं. लहानपणी सुट्टीला गेलो की वखारीच्या दारातच खकाणा नाकात चढायचा आणि आम्ही पोरं शिंकत सुटायचो. मामा स्वतः ४० वर्षं विडी ओढत होते. त्या धुरात बेंझोपायरीन जातीची रसायनं असतात. शरीर ती बाहेर टाकायला म्हणून त्यांची मोडतोड करतं, पण त्या मोडतोडीत तयार झालेला एक तुकडा डीएनएच्या ‘जी’ या अक्षराला (हा ‘जी’ वेगळा, ग्लायसीनचा नव्हे) जाऊन चिकटतो. पुढं पेशी दुप्पट होताना नक्कल करणारं यंत्र त्या डाग पडलेल्या ‘जी’ला ‘टी’ समजून बसतं. केरासच्या जनुकात बाराव्या मण्याचा मजकूर आहे जीजीटी, म्हणजे ग्लायसीन. पहिल्या अक्षराचा टी झाला की टीजीटी, म्हणजे सिस्टीन. फुप्फुसात जी१२सी हा बिघाड धूम्रपान करणाऱ्यांत जास्त दिसतो तो यामुळं. कुठल्या विडीनं, कुठल्या झुरक्यानं झालं, हे मात्र कुणीच सांगू शकत नाही, आणि मामांना ते सांगून काही मिळणारही नव्हतं.

मामा थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मी विषय पुढं नेला.

१९८१ साली निपाणीत तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या मागं शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर बसले होते. मामा त्या गर्दीत होते, ते अजून तारीखवार सांगतात. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, अमेरिकेतल्या तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी माणसाच्या मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये केरासच्या सख्ख्या भावात, एचरासमध्ये, नेमकी हीच बारावी जागा बिघडलेली पकडली. हजारो अक्षरांच्या जनुकात एकच अक्षर चुकलेलं. म्हणजे चोर तेव्हाच सापडला होता. गोळीला मंजुरी मिळाली २०२१ मध्ये. मामांचा प्रश्न या मधल्या ३९ वर्षांचा आहे.

औषधाची गोळी म्हणजे लहान रेणू. ॲस्पिरिनचं रेणुभार १८०, बहुतेक गोळ्या ५०० च्या आत. गिळता यावी, आतड्यातून रक्तात जावी, पेशीचा पडदा ओलांडावा, यासाठी रेणू लहानच लागतो. असला लहान रेणू प्रथिनावर टिकायचा तर त्याला खोबण लागते. बहुतेक जुनी औषधं एन्झाइमच्या खोबणीत बसतात, कारण एन्झाइमला स्वतःच्या कामासाठी खोल खोबण असतेच. केरासलाही एक आहे, जीटीपी बसतो ती. मग तिथंच बूच का मारलं नाही? कारण ती खोबण जीटीपीला भयंकर घट्ट धरते आणि पेशीत जीटीपीचा सुकाळ असतो. प्रेस करून बसवलेलं बेअरिंग हातानं उपसायचं आणि शेजारी तसल्याच बेअरिंगांचा ढीग, एक निघालं की दुसरं आत पडायला तयार. औषधानं तिथं जागा मिळवणं जवळपास अशक्य.

दुसरा रस्ता म्हणजे केरास आणि राफ जिथं एकमेकांना चिकटतात त्या सांध्यात पाचर मारायची. सांधा तोडला की निरोप थांबला. बोलायला सोपं. पण दोन प्रथिनं चिकटतात तो पृष्ठभाग पसरट असतो. असा सांधा साधारण १५ ते ३० चौरस नॅनोमीटरचा असतो, आणि गोळीतला रेणू व्यापतो ३ ते १० चौरस नॅनोमीटर. त्यात तो भाग शहाबादी फरशीसारखा, थोडे उंचवटे सोडले तर सपाट. दोन फरश्या पाण्यानं चिकटल्या की सोडवताना घाम फुटतो, कारण चिकटणं सगळ्या अंगावर वाटलेलं असतं. लहान रेणूला त्यातलं एक बोटभर मिळतं, आणि तेवढ्यावर तो टिकत नाही. केरासचा गोळा तर खासच गुळगुळीत. औषधवाल्यांच्या भाषेत त्याला ‘औषध लागू न पडणारं’ असं नावच पडून गेलं.

मधे एक आडवाट झाली, तीही सांगतो. केरास पडद्याला चिकटतं ते एका चरबीच्या शेपटीनं. ती शेपटी जोडणाऱ्या एन्झाइमलाच थांबवलं तर? कल्पना उत्तम, कंपन्यांनी पैसा ओतला, गोळ्या तयार झाल्या, रुग्णांवर चाचण्याही झाल्या. आणि केरासनं दुसऱ्याच एका एन्झाइमकडून वेगळी शेपटी जोडून घेतली. पुढचं दार बंद, तर पाहुणा मागच्या दारानं माजघरात.

सपाट सांध्याबद्दलची निराशा थोडी सैल झाली ती एका वेगळ्याच कामामुळं. १९९५ मध्ये टिम क्लॅकसन आणि जिम वेल्स यांनी वाढीचं हार्मोन आणि पेशीवर त्याला धरणारं प्रथिन यांच्या सांध्यातला एकेक मणी बदलून पाहिला. सांधा मोठा होता, पण चिकटण्याचा बहुतेक जोर मोजक्याच मण्यांवर होता. बाकीचे नुसते गर्दीला. म्हणजे अख्खी फरशी उचलायची गरज नाही, जिथं खरा चुना लागलाय तेवढी जागा हेरली तरी पुरे.

याचं सगळ्यात देखणं उदाहरण पी५३ चं आहे. पी५३ हे बिघडलेल्या पेशीला थांबवणारं प्रथिन, आणि एमडीएम२ त्याला धरून कचऱ्यात पाठवणारं. पी५३ आपले तीनच मणी, एकोणिसावा, तेविसावा आणि सव्विसावा, एमडीएम२ च्या खोबणीत घालतं. अगदी तीन पिनांचा प्लग. न्यू जर्सीतल्या नटली गावच्या प्रयोगशाळेत २००४ मध्ये या तीन पिनांची नक्कल करणारे लहान रेणू केले गेले आणि गावाच्या नावावरून त्यांना नटलिन म्हटलं गेलं. (आपल्याकडं कोणी असं काही केलं तर त्याला उद्यमबागिन म्हणायचं काय?) सॉकेटमध्ये खोटा प्लग बसला की खरा पी५३ मोकळा सुटतो. मात्र ज्याचा पी५३ आधीच बिघडलाय त्याला या मोकळीकीचा काही उपयोग नाही, आणि जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये तो बिघडलेला असतो. शिवाय निरोगी पेशींतही पी५३ मोकळा होतो आणि रक्तातल्या प्लेटलेट उतरतात. म्हणून हे कुटुंब अजून चाचण्यांतच घुटमळतंय.

सांधा तोडणारी कॅन्सरची पहिली गोळी खऱ्या अर्थानं दवाखान्यात पोचली ती व्हेनेटोक्लॅक्स, २०१६ मध्ये, रक्ताच्या एका कॅन्सरसाठी. ती बीसीएल-२ या प्रथिनाच्या लांबट खाचेत बसते आणि ‘मर’ हा अडकवून ठेवलेला हुकूम सोडवते. आधीची आवृत्ती बीसीएल-२ बरोबर त्याच्या जुळ्यासारख्या बीसीएल-एक्सएललाही धरायची, आणि प्लेटलेट जगतात त्या बीसीएल-एक्सएलच्या जिवावर. मग रसायनज्ञांनी दोघांत फरक शोधला. खाचेतल्या एका जागी एकाकडं ॲस्पार्टिक आम्ल आहे, दुसऱ्याकडं ग्लुटामिक. दोघांत एका कार्बनचा फरक. तेवढा फरक धरून नवा रेणू बेतला आणि प्लेटलेट वाचल्या. रेणुभार ८६८, म्हणजे ५०० चा दंडक मोडून. पुस्तकातला नियम किती मनावर घ्यायचा, हे मी पोरांना या गोळीवरून सांगतो.

केरासला मात्र खाच नव्हती, सॉकेट नव्हतं. होता तो फक्त बदललेला बारावा मणी.

सिस्टीनची गंमत अशी की त्याच्या टोकाला गंधकाचा अणू असतो, आणि गंधक योग्य रसायन भेटलं की पक्का बंध जोडतो. जुन्या घराच्या दाराला असतो तसा कोयंडा समजा. चांगल्या केरासमध्ये बाराव्या जागी ग्लायसीन, म्हणजे कोयंडा नाही. बिघडलेल्यात आहे. औषधाच्या रेणूला कडी जोडली तर ती फक्त बिघडलेल्या केरासमध्ये अडकेल. निरोगी पेशीतलं केरास तसंच राहील.

“म्हंजी ज्यानं घर फोडलं, त्योच दाराला कोयंडा ठिवून गेला म्हण की,” मामा म्हणाले. मी याहून बरं वर्गात कधी सांगितलेलं नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात केव्हन शोकॅट यांच्या चमूनं हाच धागा धरला. त्यांनी ४८० लहान लहान रेणूंचा संच घेतला. प्रत्येकाला गंधकाला चिकटणारी शेपटी. हे तंत्र त्याच वेल्स यांच्या चमूनं आधी काढलेलं. हे ४८० रेणू जी१२सी केरासवर सोडायचे आणि कोण धरून राहतो ते पाहायचं. गंधकाला चिकटणं सगळ्यांनाच जमतं. पण ज्याला चिकटण्याबरोबर शेजारी टेकायला खोबणही मिळते, तोच घट्ट राहतो. असे काही निघाले. त्यांचे केरासबरोबर स्फटिक करून क्ष-किरणांनी चित्र काढलं तेव्हा दिसलं की त्या दोन लवचीक पट्ट्यांपैकी दुसऱ्या पट्टीखाली एक खिसा आहे. रासचे, म्हणजे केरास-एचरासच्या कुटुंबाचे, आकार १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून माहीत होते, पण रिकाम्या केरासच्या चित्रात तो खिसा दिसतच नव्हता. रेणू शिरला तेव्हा पट्टी सरकली आणि खिसा उघडला. २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ग्रीसखालचा कीवे.

म्हणूनच मला औषधांसाठी ती सगळीकडं वापरली जाणारी कुलूप-किल्लीची उपमा फारशी पटत नाही. कुलूप पितळेचं असतं, हलत नाही. प्रथिन सतत थरथरत असतं, खिसे उघडतात, मिटतात. किल्ली घातल्यावर भोक तयार होणारं कुलूप कुणी पाहिलंय?

पहिले तुकडे औषध म्हणून निरुपयोगी होते. गंधक-गंधक बंध पेशीत टिकत नाही. मग कडी बदलून ॲक्रिलामाइडची केली, तिनं धरलेला गंधक सुटत नाही. इथं एक तारेवरची कसरत आहे. पेशीत कोयंडे पुष्कळ असतात, ग्लुटाथायोन नावाचा गंधकवाला रेणू तर गच्च भरलेला. कडी फार तेज ठेवली तर औषध वाटेतच भलत्या दाराला अडकून संपतं. म्हणून कडी मुद्दाम मऊ ठेवतात आणि बाकीचा रेणू खिशात इतका चपखल बेततात की तो आधी आत नीट बसतो, कडी कोयंड्यासमोर येते आणि मगच अडकते. पुढच्या काही वर्षांत खिशाच्या कडेला, ९५ व्या मण्यापाशी, आणखी एक चीर सापडली. तीत एक पाकळी घुसवली आणि पकड कितीतरी पटींनी वाढली. त्यातून सोटोरासिब आली. अमेरिकेत तिला मे २०२१ मध्ये मंजुरी मिळाली. डिसेंबर २०२२ मध्ये अडाग्रासिब आली.

आणखी एक अडचण होती, ती नशिबानं सुटली. हा खिसा केरास बंद असतानाच नीट मिळतो, आणि सगळ्यांचा समज असा की बिघडलेलं केरास कायम चालू. पुढं कळलं की जी१२सी जातीचं केरास स्वतःच्या बळावर अधूनमधून जीटीपी तोडतं, क्षणभर बंद होतं, पुन्हा चालू होतं. औषध त्या बंद क्षणाची वाट बघतं आणि पकडलं की पट्टी तशीच आवळून ठेवतं. मग आत जीडीपीच राहतो आणि राफला हात द्यायला जागाच उरत नाही. म्हणजे सांधा तोडला खरा, पण सांध्यावर हात न लावता, मागच्या अंगानं.

“मग बरं हुतंय का माणूस?”

इथं आकडे सांगावेच लागतात, आणि मी मामांना ते गोड करून सांगितले नाहीत. आधीचे उपचार झालेल्या १२४ रुग्णांच्या चाचणीत सोटोरासिबनं सुमारे ३७ टक्के रुग्णांच्या गाठी ठळकपणे आकसल्या. रोग पुन्हा पुढं सरकेपर्यंतचा मध्यम काळ ६.८ महिने. नंतर जुन्या इंजेक्शनच्या केमोशी, डोसिटॅक्सेलशी, समोरासमोर तुलना झाली, ३४५ रुग्णांत. तिथं गोळीवर रोग ५.६ महिने रोखला गेला, केमोवर ४.५ महिने. एकूण आयुष्यात फरक दिसला नाही. त्रास मात्र गोळीचा कमी होता. वर्तमानपत्रांत ‘अजिंक्य केरास जिंकले’ छापून येतं तेव्हा हे आकडे आतल्या पानावरसुद्धा नसतात, याचा मला राग येतो.

औषधाचा असर एवढ्यात का थांबतो? कारण कॅन्सर म्हणजे एका साच्याच्या पेशी नव्हेत. काही पेशींत खिशातलाच एखादा मणी बदलतो, ९६ वा वगैरे, आणि औषधाची बैठक जाते. काही ठिकाणी बारावी जागाच वेगळ्या तऱ्हेनं बिघडते, कोयंडाच गायब. काही पेशी केरासला वळसा घालून दुसऱ्या वाटेनं निरोप पाठवतात. मोठ्या आतड्यात तर हा वळसा सुरुवातीपासून तयार असतो. तिथं हीच गोळी एकटी दिली तर दहातल्या एकाच्याच गाठी आकसतात. ईजीएफआर ही वरची वाट बंद करणारं अँटिबॉडीचं औषध जोडीला दिलं की प्रमाण दुपटीच्या वर जातं. म्हणून आता जोडीनं औषधं देण्याकडं कल आहे.

आणि ज्यांच्या बाराव्या जागी सिस्टीन नाहीच, त्यांचं काय? स्वादुपिंडात बहुतेक जी१२डी किंवा जी१२व्ही असतं. कोयंडा नाही. आप्पांकडं एखादा जॉब, म्हणजे मशिनवर घडवायचा तुकडा, चकमध्ये धरताच येत नसला की ते आधी फिक्स्चर बनवायचे, जॉब फिक्स्चरमध्ये आणि फिक्स्चर मशिनवर. डाराक्सोनरासिब नावाचा रेणू हेच करतो. तो आधी पेशीतल्याच सायक्लोफिलिन ए या प्रथिनाला धरतो. किडनी बदललेल्या लोकांना देतात ती सायक्लोस्पोरिनही याच सायक्लोफिलिनला चिकटते. मग हे जोडकाम चालू अवस्थेतल्या रासच्या सपाट अंगाला जाऊन लागतं. लहान रेणूला सपाटीवर पकड नव्हती, पण आता त्याच्याबरोबर एक अख्खं प्रथिन आहे, त्याचा पृष्ठभागही पसरट. फरशीला फरशी. राफ येऊन बघतो तर जागा भरलेली. मला या सगळ्या विद्येतली ही सगळ्यात धूर्त युक्ती वाटते.

आणखी एक, फाउंड्रीवाल्यांसाठी. पी५३ च्या एका बिघाडात, वाय२२०सी मध्ये, मोठा मणी जाऊन लहान आला आणि प्रथिनाच्या अंगावर खड्डा पडला. कास्टिंगमध्ये ब्लो होल राहावं तसा. सगळं प्रथिन त्यामुळं ढिलं पडून उलगडतं. केंब्रिजच्या ॲलन फर्श्ट यांच्या चमूनं २००८ मध्ये त्या खड्ड्यात नेमका बसणारा रेणू दाखवला. आत बसला की प्रथिन पुन्हा घट्ट. याच वाटेवरचं रेझाटापॉप्ट आता रुग्णांवर तपासलं जातंय. आपल्याकडं ब्लो होलमध्ये पुट्टी भरून माल पाठवला तर गिऱ्हाईक लोडच परत पाठवतं. इथं पुट्टी हेच औषध.

मामा उठले तेव्हा साडेअकरा झाले होते. सोमवारी पुन्हा डॉक्टरांकडं जायचं होतं, गोळीचं ठरवायला. मी रिपोर्टच्या मागं पेन्सिलीनं तीन गोष्टी लिहून दिल्या, डॉक्टरांना विचारायला. तिसरी त्यांना पटेना. “ह्यात काय विचारायचं?”

ती अशी होती की सोटोरासिब पोटातल्या आम्लातच नीट विरघळते. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या बरोबर असल्या तर ती रक्तात पुरेशी चढत नाही. म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवायची, आपल्याला ती कितीही साधी वाटो.

“माझं काय बाकी औषिद न्हाई,” मामा म्हणाले आणि भाड्याचे सुटे काढायला शर्टाच्या खिशात हात घातला. दहाच्या नोटांबरोबर ॲसिडिटीच्या गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी बाहेर आली.